आठ नंबरची खोली

"बाई, एवढी पिशवी धरा," असं म्हणून निवृत्ती चौगले खाली वाकले.

तनुजा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. त्यांनी एक हात तिच्या गुडघ्यांखाली घातला, दुसरा पाठीमागून काखेत, आणि तिला उचललं. एकोणीस वर्षांची मुलगी. तिचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढले आणि चप्पल कठड्याला घासत गेली. वरून उतरणारी पाच-सहा मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली. कोणी हसलं नाही. तनुजानं तोंड वडिलांच्या शर्टात लपवलं. तो शर्ट कामावरचा होता, खांद्यावर सिमेंट वाळलेलं.

जिन्याच्या मधल्या चौकात ते थांबले, कठड्याला पाठ टेकून त्यांनी दम घेतला.

"शाळेत बरं हुतं बाई," ते म्हणाले. "शाळेत असलं काय नव्हतं."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तो ऑक्टोबर होता, परीक्षेला बारा दिवस राहिले होते आणि आम्ही कॉलेजच्या परीक्षा विभागात निघालो होतो. तो पहिल्या मजल्यावर होता.

मी तेव्हा फिरती विशेष शिक्षिका होते. अकरा शाळा, सत्तावीस मुलं, आणि दरवर्षी मार्चअखेर नवा करार. तनुजा पहिलीत असताना माझ्या यादीत आली. जन्मताना श्वास कोंडला होता. हातपाय मनासारखे चालत नव्हते, मान सतत हलायची, आणि शब्द तोंडातून बाहेर पडायला फार वेळ लागायचा. बुद्धीला मात्र काही झालेलं नव्हतं. "मला पाणी पाहिजे" एवढं म्हणायला तिला अर्धं मिनिट लागायचं. सुरुवातीला मीही गोंधळायचे. दुसरी-तिसरीपर्यंत मला तिच्या पहिल्या अक्षरावरून पुढचं कळायला लागलं. गुरुजींनी प्रश्न विचारला, तनुजानं तोंड उघडलं, की उत्तर मी सांगायचे आणि ते बरोबर असायचं. याचा मला अभिमान होता.

शाळेत सगळं होऊन जायचं. तिचा वर्ग कुठलाही असो, हेडमास्तर जूनमध्ये तो खालच्या मजल्यावर घ्यायचे. दारासमोर उतरण हवी होती, तर सिमेंट शाळेनं दिलं आणि निवृत्तींनी दोन रविवार खपून ती बांधली. योजनेतून चाकाची खुर्ची आली. दहावीच्या आधी मी आठवीतली एक मुलगी लेखनिक म्हणून शोधली आणि तनुजाचं बोलणं कळावं म्हणून चार महिने रोज अर्धा तास दोघींना समोरासमोर बसवलं. जादा वेळ, वेगळी खोली, बोर्डाचं पत्र, डॉक्टरांचा दाखला हे सगळे कागद मी आणि हेडमास्तर करायचो. तनुजानं त्यातला एकही कागद कधी पाहिला नाही. दहावीला तिला एकाहत्तर टक्के पडले. बारावीला, तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात, चौसष्ट.

बारावीनंतर आमच्या नोंदवहीतून मुलांचं नाव कमी होतं. खुर्ची शाळेच्या मालमत्तेत, जडसंग्रहाच्या वहीत नोंदलेली होती, ती शाळेतच राहिली. मी तिला बी.ए.ला प्रवेश घेऊन दिला, फोटो काढले, पेढे खाल्ले. जुलैनंतर माझं त्यांच्याकडे जाणं झालं नाही. माझ्या यादीत तिच्या जागी पहिलीतला एक मुलगा आला होता.

ऑक्टोबरात निवृत्तींचा फोन आला. "बाई, परीक्षा आली. लेखनिक कधी येतोय? कायच निरोप न्हाई."

मी दुसऱ्या दिवशीची किरकोळ रजा टाकली.

परीक्षा विभागाचे प्रमुख मोकाशी सर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. तनुजाला उचलून आणलेलं पाहून ते स्वतः उठले, हातांची खुर्ची पुढे केली, पंखा वाढवायला सांगितलं.

"ही विद्यार्थिनी?"

"हो सर. तनुजा निवृत्ती चौगले. बी.ए. भाग एक."

"आणि आपण?"

"मी हिची बाई. शाळेतली विशेष शिक्षिका. पहिलीपासून मीच बघते."

"शाळेतली." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते फक्त समजून घेत होते. "म्हणजे आज इथं आपण कोण म्हणून आलात?"

माझ्या मांडीवर निवृत्तींची पिशवी होती. मी म्हटलं, "सोबत म्हणून."

मी विषय काढला. परीक्षा बारा दिवसांवर आहे, लेखनिकाचं पत्र अजून आलेलं नाही.

"पत्र इथून जात नाही, बाई. विद्यार्थ्यानं अर्ज करायचा असतो. दाखल्याची प्रत जोडून, लेखनिकाचं नाव आणि ओळखपत्र देऊन. तशी सूचना लावली होती आम्ही. ऑगस्टमध्ये."

"कुठं?"

"ही काय, बाहेरच्या फलकावर."

तो फलक मी येताना पाहिला होता. जिना संपल्यावर उजव्या हाताला. मला भांडायचं नव्हतं, काम करून घ्यायचं होतं. मी मान डोलावली.

"शाळेत हेडमास्तर करायचे," मी म्हटलं.

"शाळेत मूल लहान असतं. इथं प्रत्येक जण सज्ञान. आम्हाला कोणाला काय अडचण आहे, हे त्यानं सांगितल्याशिवाय कळत नाही." मग त्यांनी लिपिकाला हाक मारली. "चौगलेची हजेरी काढा बघू. अर्जाला जोडावी लागेल."

लिपिकानं रजिस्टर आणलं, पानं उलटली, बोट फिरवलं. "नव्वद तासांपैकी सात, सर."

"सात?"

निवृत्ती दाराजवळ उभे होते, ते पुढे आले. "चुकलं असंल सायेब. मी रोज सोडतो. साडेसातला सोडतो, दीडला न्येतो. एक दिस खाडा न्हाई. पावसात सुदिक."

मोकाशी सरांनी तनुजाकडे पाहिलं. "तू रोज येतेस?"

तिनं हो म्हटलं. ते लवकर म्हणता आलं तिला.

"मग वर्गात का नाही?"

तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. बोलायची वेळ आली की तसं व्हायचं. "व... र..." ती म्हणाली.

"वर्ग वर आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या मजल्यावर."

"मग ती बसते कुठं?"

"खा... ली."

निवृत्ती तिच्याकडे बघत राहिले. नंतर मला कळलं, पहिल्या दिवशी त्यांनी तिला खाली मुलींच्या विश्रांतीच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. "वर कोण न्येणार?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "नेतील." शाळेत कोणी ना कोणी न्यायचंच. त्यांना कामावर जायचं होतं. ते गेले. तीन महिने ते रोज तिला त्या खुर्चीवर सोडत होते आणि त्याच खुर्चीवरून परत नेत होते. मध्ये ती वर्गात जाऊन येते असं धरून. हजेरीतले ते सात तास तेवढे खालच्या सभागृहात झाले होते.

"पोरी," एवढंच ते म्हणाले.

मोकाशी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी खुर्ची ओढून तनुजाच्या समोर घेतली.

"तनुजा, हजेरीचं यंदापुरतं मी बघतो. प्राचार्यांशी बोलतो. आता मला सांग, तुला काय पाहिजे? आम्ही काय करायचं?"

"सर, तिला..." मी सुरू केलं.

"नाही बाई. तिला बोलू द्या. अर्ज तिचा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते थांबले. खरोखर थांबले. लिपिकही थांबला. बाहेर कुठलातरी तास सुटला, जिन्यावर पायांचा आवाज झाला आणि विरला.

"म... मला..."

तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. ओठांच्या कडेला लाळ आली, ती पुसायला मी रुमाल काढला आणि हातातच ठेवला.

"ले... ख... निक..."

पुढचा शब्द येत नव्हता. तिची जीभ दातांमागे टेकून राहिली होती, जबडा एका बाजूला गेला होता. दहा सेकंद गेली असतील, वीस गेली असतील. लिपिकानं घड्याळाकडे पाहिलं. निवृत्तींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला सहन होईना.

"लेखनिक हवाय, सर," मी म्हटलं. "आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ. नियमात बसतं ते."

मोकाशी सर तनुजाकडेच बघत होते. "बरोबर आहे?"

तिची मान हलली. तिची मान कायमच हलायची.

"हो, सर," मी म्हटलं.

त्यांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. अर्ज लिहून झाल्यावर तो तनुजापुढे सरकवला. मी अंगठ्यासाठी शाईचा डबा मागितला, पण तिनं मूठ उघडली नाही. सहीच करायची होती तिला. मी तिच्या बोटांत पेन धरवलं. 'तनुजा' लिहिताना शेवटच्या कान्यावर कागद फाटला. सर म्हणाले, चालेल.

खाली आल्यावर मी मुलींची खोली पाहायला गेले. तिथं साफसफाई करणाऱ्या शेवंता मावशी भेटल्या. मी कोण ते ऐकल्यावर त्यांनी केरसुणी खाली टाकली.

"तुमी हिच्या बाई व्हय? बरं झालं आलासा. ही पोरगी घरनं पानी न पिता येती. इथं बी घोटभर घेत न्हाई. का, तर उठवायला कुणाला सांगायचं? मी म्हटलं, मला सांग, मी न्येते. पर ती काय बोलती ते मलाच कळत न्हाई. कळंपतोर बेल हुती."

"दिवसभर काय करते?"

"पुस्तक उघडून बसती. त्या तिथं." मावशींनी खिडकीकडे हात केला. "वरच्या सरांचा आवाज चढला का त्या खिडकीतनं खाली येतो. पयल्यांदा खुर्ची हितं दाराजवळ हुती. तिनंच मला खुणा करून तिकडं सरकवाया लावली."

निवृत्ती तनुजाला मोटारसायकलवर बसवत होते. आधी ते स्वतः बसायचे, मग कोणीतरी तिला मागं बसवून द्यायचं आणि एका जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं दोघांना कमरेशी एकत्र बांधायचं. त्या दिवशी ती गाठ मी मारली.

"तनू, मला का नाही कळवलंस गं?"

ती बराच वेळ झटत होती. त्यांची गाडी चालू होती, त्यामुळं मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"को... णी... वि... चा... र..."

"विचारलं नाही," मी म्हटलं. ते बरोबर होतं.

परवानगीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. लेखनिक विद्यार्थिनीनं स्वतः आणायचा. तो खालच्या वर्गातला असावा. शाळेचं ओळखपत्र, मुख्याध्यापकांचं पत्र. माझ्या शेजारी मुल्लांची तहसीन अकरावी सायन्सला होती. मोत्यासारखं अक्षर आणि स्वभावानं शांत. ती लगेच तयार झाली. आमच्या हातात नऊ दिवस होते. रोज संध्याकाळी मी तिला स्कूटीवरून तनुजाच्या घरी, आंबेवाडीला न्यायचे. मी मध्ये बसले की सगळं सुरळीत व्हायचं. तनुजा बोलायची, मी सांगायचे, तहसीन लिहायची. मी उठून अंगणात गेले की दोघी अडायच्या. तहसीन म्हणायची, "परत सांगा ना दीदी," तनुजा परत सांगायची, आणि परत सांगताना तिचे शब्द आणखी बिघडायचे. मी आत यायचे आणि सोडवून द्यायचे.

आमच्या कार्यालयातून फोन आला होता. "आजरेकर मॅडम, बारावीच्या पुढची मुलं आपल्याकडं येत नाहीत. तुमच्या भेटींचा अहवाल अपुरा आहे." मी म्हटलं, रविवारी भरून काढते.

पहिला पेपर मराठीचा. परीक्षेपुरती खोली खाली दिली होती, ऑफिसच्या बाजूची. मी फाटकापर्यंतच. आत फक्त परीक्षार्थी, लेखनिक आणि पर्यवेक्षक. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर मी आणि निवृत्ती चार तास बसलो. त्यांनी दिवसाची मजुरी बुडवली होती. चहा सांगितला, तो दोघांनीही अर्धाच घेतला.

तहसीन आधी बाहेर आली. फाटकातून येईपर्यंत ती धीर धरून होती. माझ्याजवळ आली आणि रडायला लागली.

"काय झालं?"

"मॅम, मला कळत नव्हतं. त्या बोलत होत्या, खूप बोलत होत्या. घामानं भिजल्या. मी परत विचारलं की सुपरवायझर म्हणायचे, तू त्यांना उत्तर सांगतेयस का? बोलू नको, लिही. मग मी जेवढं कळलं तेवढंच लिहिलं."

"किती लिहिलंस?"

"दीड पान."

निवृत्ती उठले आणि मुलीला आणायला आत गेले. बाहेर आली तेव्हा तनुजाचा आवाज बसला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"दुसरा पेपर चांगला जाईल," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच दडपण येतं."

दुसऱ्या पेपरला दोन पानं लिहून झाली. तिसऱ्याला एक. चौथ्याला तनुजानं काही सांगितलंच नाही, असं तहसीन म्हणाली. ती नुसती पुढं बघत बसली होती. तहसीननं नियमाप्रमाणे तीन तास आणि एक तास जादा तिच्याजवळ बसून काढले.

निकाल जानेवारीत लागला. नऊ, चौदा, सहा आणि शून्य.

पुढच्या रविवारी मी आंबेवाडीला गेले. पिशवीत पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं, तहसीनचं ओळखपत्र होतं, आणि दोन महिन्यांचा सरावाचा तक्ता, दिवसवार आखलेला. निवृत्ती एका बंगल्याच्या स्लॅबवर गेले होते. तनुजाची आई काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. रविवार म्हणून ती घरी होती. काजूच्या चिकानं तिची बोटं कायमची काळी झाली होती. ती मला पाणी देऊन भिंतीशी बसली.

तनुजा पलंगावर होती. मी तक्ता उलगडला.

"हे बघ. चूक काय झाली, तर आपल्याला वेळ कमी मिळाला. शाळेत आपण चार महिने घेतले होते. आता आत्तापासूनच तहसीनला..."

तनुजानं तोंड उघडलं.

"हो, तहसीन तयार आहे," मी म्हटलं.

"बाई," तिची आई म्हणाली. तिनं मला कधी मध्येच अडवलं नव्हतं. "बाई, तिला बोलू द्या जरा. चार दिस झालं एकच गोष्ट घोकतीया ती. तुमास्नी सांगायची म्हणून."

मी तक्ता मांडीवर ठेवला.

किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. मध्ये शेजारचं कोणीतरी दळण न्यायला आलं आणि गेलं. मला दोनदा वाटलं, पुढचं मला कळलं. दोन्ही वेळा मी गप्प बसले आणि दोन्ही वेळा माझा अंदाज चुकला.

"त्या... दिवशी... सरांना... मी... म्हणत... होते."

"काय म्हणत होतीस?"

"लेखनिक... न... को."

तिनं दम घेतला. आईनं पदरानं तिची हनुवटी पुसली.

"आधी... वर्ग... खाली... द्या."

मी तिच्याकडे बघत बसले. पिशवीतला सगळा कागद माझ्या मांडीवर पसरलेला होता.

"शिकायचं होतं तुला," मी म्हटलं. ते तिनं सांगून झालं होतं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा काढून मोकाशी सरांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं आणि बसायला सांगितलं. निकाल त्यांनी पाहिला होता.

मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच, सर."

त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक पुढे ओढलं. "खाली आठ नंबरची खोली आहे. सकाळी रिकामीच असते. जुने बाक ठेवलेत तिथं. बी.ए. भाग एकचे तास खाली घ्यायला मला वेळापत्रकात फक्त खोलीचा आकडा बदलावा लागला असता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता. "मी म्हणूनच तिला बोलू द्या म्हटलं होतं, बाई. मला माहीत नव्हतं ती काय मागेल. मला वाटलं, आपल्याला माहीत असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"अजूनही करता येईल. उद्यापासून करतो. दुसरं सत्र सुरूच आहे. फक्त ती यायला पाहिजे. आणि अर्ज तिच्या सहीचा असू द्या. मी लिहून देत नाही, आपणही लिहू नका."

मी कोरा फुलस्केप घेतला आणि तिथूनच आंबेवाडीला गेले. घाट उतरताना मी काय काय ठरवत होते. शाळेतली खुर्ची हेडमास्तरांना सांगून उसनी घेऊ. शेवंता मावशींशी बोलू. तहसीनला सांगू की आता घाई नाही.

निवृत्ती जेवायला घरी आले होते. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, तुमी हाय म्हणून. तनू, ऐकलंस न्हवं? खाली खोली दिली. उद्यापासनं जायाचं. मी आज उतरणीचं बगून येतो, उंबरा केवढा हाय."

तनुजा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन फुलस्केप आणि पेन ठेवलं.

"तुझ्या शब्दांत लिही," मी म्हटलं. "दोन ओळी पुरेत. कितीही वेळ लागू दे, मी हात लावणार नाही."

तिनं कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा डावा हात पलंगाच्या कडेवर आपटायला लागला, तेव्हा मी मागं सरकून बसले. निवृत्ती काही बोलायला गेले, त्यांना मी हातानं थांबवलं.

"बा... ई..."

अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. तिच्या कपाळावर घाम आला.

"तु... म्ही..."

मी मनात काही येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

"आता... येऊ... न... का."

"तनू!" निवृत्ती ओरडले. "कुणाला काय बोलतीस? कळतंय का?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं नजर खाली केली नाही, माझ्याकडेच बघत राहिली, मला कळलं का ते बघत असल्यासारखी.

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग भिंतीकडे वळायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन ती भिंतीकडे वळली.

मी कागद आणि पेन पलंगावर तसंच ठेवून बाहेर आले. निवृत्ती स्कूटीपर्यंत आले, माफी मागत होते. मी त्यांना म्हटलं, तिला रागावू नका.

तो अर्ज कॉलेजात आला नाही. हे मला मोकाशी सरांनी फोन करून सांगितलं. अर्ज नसतानाही त्यांनी आठ नंबरची खोली झाडून घेतली होती आणि बी.ए. भाग एकचे तास पंधरा दिवस तिथं भरवले. पहिल्या बाकाशेजारी जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. मग प्राध्यापक म्हणायला लागले, मुलं नव्वद, खोली साठाची, उजेडही कमी. सोळाव्या दिवशी तास पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेले.

याला सात वर्षं झाली. मी अजून तेच काम करते, करारही अजून मार्चअखेरच होतो. तनुजाचं नाव पुढं कुठल्याच कॉलेजात लागलं नाही. ती घरीच असते असं ऐकते.

गेल्या दिवाळीआधी मंगळवारच्या बाजारात निवृत्ती भेटले. केस पांढरे झालेत, कंबर धरून चालतात. आम्ही पाऊसपाण्याचं बोललो. तनुजाच्या आईच्या बोटांना आता जखमा होतात, म्हणून तिनं कारखाना सोडला, असं ते म्हणाले. तनुजाला उचलणं आता त्यांच्यानं होत नाही. निघताना ते घुटमळले.

"बाई, कवातरी या की घरी."

"ती म्हणाली का तसं?"

त्यांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. खोटं बोलावं की नाही, याचा ते विचार करत असावेत.

"न्हाई," ते म्हणाले. "मीच म्हणतोय."

"मग नको," मी म्हटलं.